‘आदर्श पती’ हे दोन शब्द: एका स्मरण-पुस्तिकेचं प्रकरण

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या बाजूला असलेल्या एका ख्रिस्ती मंडळीने इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांच्या स्मृतिदिनी, म्हणजे ९ जूनच्या सुमारास, संध्याकाळची स्मरण-उपासना ठेवायचं ठरवलं. सोबत सोळा पानांची छोटी पुस्तिका काढायची होती. मंडळी बाप्टिस्ट पंथाची नाही. पण मराठीचं व्याकरण आणि कोश छापून घेणारा, मराठीत नवा करार आणणारा माणूस म्हणून कॅरी यांचं नाव तिथल्या उपदेशात दरवर्षी येतं. पहिला मजकूर एका निवृत्त गुरुजींनी कष्टाने लिहिला. त्याच्या सातव्या पानावर हे वाक्य होतं: ‘कॅरीसाहेब निष्ठावंत मिशनरी आणि आदर्श पती होते.’ त्याच्या आधी दोन ओळींत पहिल्या पत्नीचा उल्लेख होता: ‘त्यांची पत्नी डोरोथी हिला वेड लागले. तरी त्यांनी कार्य सोडले नाही.’

वडीलमंडळाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांच्या, बैठकीत मजकूर वाचून झाला तेव्हा महिला मंडळातल्या एका मावशींनी अहिराणीत विचारलं, “मंग तिनं काय व्हयनं?” म्हणजे, मग तिचं काय झालं? कोणालाच उत्तर देता आलं नाही. पुढचे पाच आठवडे या प्रश्नाभोवती गेले. इथे त्या कामाची नोंद आहे: काय तपासलं, कुठे चुकलं, का चुकलं आणि शेवटी पानावर काय उतरलं.

मजकूर दुरुस्त करायला बसलं की आधी भाषा सुधारण्याचा मोह होतो. तो टाळावा. आधी तारखांचा तक्ता करावा. इथे शंभरपानी वहीत चार रकाने आखले: तारीख, काय घडलं, कुठे घडलं, घरात त्या वेळी कोण होतं. चरित्राच्या तक्त्यात चौथा रकाना सहसा कोणी करत नाही, आणि या प्रकरणात सगळा फरक त्यानेच पडला. पहिले तीन रकाने भरले की माणसाचं कार्य दिसतं. चौथा भरायला घेतला की बायको, मुलं, मेहुणी, आजारपणं आणि मृत्यू आपोआप पुढे येतात. जिथे चौथा रकाना रिकामा राहतो, तिथे आपण फक्त कीर्तन करत आहोत असं समजावं.

तक्ता असा भरत गेला. कॅरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१, इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावात. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर. मुलगा जोडे शिवण्याचं काम शिकला. गुरुजींच्या मजकुरात इथे ‘चांभार’ असा शब्द होता. तो काढला. आपल्याकडे त्या शब्दाबरोबर जात येते, आणि इंग्लंडच्या खेड्यात तो फक्त धंदा होता. विणकराच्या मुलाने जोडे शिवायला शिकणं तिथे अजब नव्हतं. ‘जोडे शिवण्याचं काम शिकले’ एवढं लिहिलं की अर्थ पुरा होतो आणि कोणाला उगाच चुकीचं सांगितलं जात नाही.

१० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या चर्चमध्ये डोरोथी प्लॅकेटशी लग्न झालं. त्यांचं वय १९, तिचं पंचविशीचं. विवाहाच्या रजिस्टरमध्ये तिने सही केली नाही, फुली मारली. तिला लिहिता येत नव्हतं. बैठकीत हा तपशील वाचला तेव्हा सगळ्यांना तो लगेच कळला, कारण रेशन दुकानात आणि बँकेत अंगठा उठवणाऱ्या बाया समोरच बसल्या होत्या. ज्याने पुढे डझनावारी भाषांची कामं हातात घेतली, त्याच्या घरात ही बाई होती. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्थॅम्प्टनला नीन नदीत कॅरींचा बाप्तिस्मा झाला. बाप्टिस्ट पंथात बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतः विश्वास कबूल केल्यावर, पूर्ण पाण्यात बुडवून देतात. पुस्तिकेत हे एका वाक्यात सांगावं लागलं, नाहीतर ‘नदीत’ का, असा प्रश्न तरुण संघातली मुलं विचारणारच.

मे १७९२ मध्ये नॉटिंगहॅमला त्यांनी बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ५४ व्या अध्यायातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओवीवर उपदेश केला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगला मिशनरी संस्था उभी राहिली. त्या दिवशी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची वचनं एका तपकिरीच्या डबीत जमा झाली. मूळ मजकुरात या रकमेचे आजच्या दराने रुपये केले होते. ते काढलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा पौंड आजच्या बाजारभावाने मोजला तर रक्कम हास्यास्पद लहान होते आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. नुसती ‘वचनं’ म्हटलं तर मंडळीला अर्थ नेमका समजतो. कापूस विकल्यावर देईन, असं वचन इथेही चिठ्ठीवर लिहून देतात.

आता १७९३ चं वर्ष. कच्च्या मजकुरात फक्त ‘कॅरी सहकुटुंब भारतात आले’ असं होतं. चौथा रकाना भरल्यावर हे दिसलं: डोरोथी सुरुवातीला यायला तयार नव्हती. ती गरोदर होती, आणि समुद्रापलीकडचा देश तिने कधी मागितला नव्हता. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन तिच्याविना निघाले. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्याने त्यांना जहाजावरून उतरवलं गेलं. दरम्यान मे महिन्यात जेबेझचा जन्म झाला. कॅरी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर जॉन थॉमस परत तिच्या दारी गेले. तिने आधी नकार दिला. मग बहीण कॅथरिन, म्हणजे किटी, सोबत येणार असेल तर येते, एवढ्या अटीवर ती तयार झाली. १३ जून १७९३ रोजी डेन्मार्कच्या जहाजावर सगळे चढले, तेव्हा कडेवरचं मूल महिन्याभराचं होतं. ११ नोव्हेंबरला कलकत्ता आलं. समुद्रावर पाच महिने गेले.

इथे बैठकीत मतभेद झाले. एका वडिलांचं म्हणणं, ‘बायकोला सोडून निघाले होते’ असं छापलं तर लोक काय म्हणतील? आम्ही असं सुचवलं, आणि ते मान्य झालं, की झालं तेवढंच लिहावं आणि निकाल देऊ नये. ‘सोडून गेले’ यात आरोप आहे. ‘तिच्याविना निघाले’ यात घटना आहे. ‘देवाच्या हाकेपुढे संसार गौण मानला’ यात कौतुक आहे आणि तोही निकालच. मधलं वाक्य राहिलं.

बंगालमधले पहिले सात महिने पैशांवाचून गेले. आधी कलकत्त्यात, मग सुंदरबनच्या कडेला. डोरोथी आणि फेलिक्स हगवणीने आजारी होते. किटीने तिथेच एका इंग्रज गृहस्थाशी लग्न केलं आणि ती मागे राहिली. ज्या अटीवर डोरोथी आली होती, ती अट वर्षभरही टिकली नाही. पूर्ण पुस्तिकेत हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ते इतकं छोटं आहे. १७९४ च्या मध्याला कुटुंब मदनाबटीला गेलं. तिथे कॅरी निळीच्या कारखान्याची व्यवस्था बघू लागले. त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला. जातीच्या बंधनामुळे प्रेताला हात लावायला कोणी पुढे येईना. शेवटी चार मुसलमान माणसांनी खड्डा खणला.

यानंतर डोरोथीचं मन बिघडलं. १७९५ पासूनच्या नोंदी सारख्याच आहेत: नवरा परस्त्रीकडे जातो असा तिला पक्का संशय, रस्त्यात मागे जाऊन आरडाओरडा, एकदा सुरी घेऊन अंगावर धावणं. जानेवारी १७९६ मध्ये, आजार सुरू झाल्यावर, जोनाथनचा जन्म झाला. पुढे पुढे तिला खोलीत बंद ठेवावं लागे. १८०० च्या जानेवारीत कुटुंब कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला गेलं. ते तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि कंपनीचा हुकूम तिथे चालत नव्हता. जोशुआ आणि हॅना मार्शमन, विल्यम वॉर्ड हे मिशनरी सहकारी आणि कॅरी तिथे एकत्र राहू लागले. चूल एक, पैशाची पेटी एक. कॅरींची मुलं वळणाबाहेर गेली होती. त्यांना वॉर्ड आणि हॅनाबाईंनी सांभाळलं. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळी नदीत कृष्ण पाल यांचा, म्हणजे या मिशनच्या कामातून ख्रिस्ती झालेल्या पहिल्या बंगाली माणसाचा, बाप्तिस्मा झाला. त्यांच्याबरोबर फेलिक्सचाही. त्या दिवशी आनंदाने भान हरपलेले थॉमस एका खोलीत बंद होते, आणि डोरोथी दुसऱ्या खोलीत. सगळ्या जगाला ज्या दिवसाची आठवण आहे, त्या दिवशी त्या घरात हे चालू होतं.

८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथी गेली. लग्नाला साडेसव्वीस वर्षं झाली होती. त्यातली चौदा भारतात, आणि त्यातली साधारण बारा आजारात. ती शेवटपर्यंत घरातच होती. तिला दूर वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं असा सल्ला लोक देत होते. कॅरींनी तो मानला नाही.

मराठी वाचकाला हात लावून दाखवावी अशी गोष्ट इथे आहे. कॅरींनी इंग्रजीतून लिहिलेलं मराठीचं व्याकरण सेरामपूरला १८०५ मध्ये छापलं गेलं. म्हणजे ते डोरोथीच्या आजाराच्या दहाव्या वर्षात तयार झालं. ज्या घरात विभक्तीचे तक्ते मांडले जात होते, त्याच घराच्या दुसऱ्या खोलीतून ओरडणं येत होतं. पहिल्या मजकुरात व्याकरण पाचव्या पानावर होतं आणि आजार सातव्या. दोन्ही तारखा एकाच ओळीत आणल्या. मजकुरात दुसरा काही बदल न करता एवढ्याने पान बदलून गेलं.

मराठीच्या बाबतीत बाकीच्याही दुरुस्त्या कराव्या लागल्या. या भागातल्या उपदेशांत त्या नेहमी चुकतात. एक, कॅरी खानदेशात तर सोडाच, मुंबई इलाख्यातही कधी आले नाहीत. त्यांनी मराठी बंगालमध्येच शिकली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, जिथे कंपनीचे अधिकारी देशी भाषा शिकत, १८०१ पासून ते शिकवत होते. आधी बंगाली, मग संस्कृत आणि मराठी, सुरुवातीला महिना ५०० रुपये पगारावर, आणि तो पगार एकत्र पेटीत जाई. मराठीसाठी त्यांच्याजवळ वैजनाथ नावाचे पंडित होते. पंडितांचं नाव मजकुरात नव्हतंच. ते घातलं. दोन, ‘मराठीचं पहिलं व्याकरण’ हे म्हणणं चुकीचं आहे. १७७८ मध्ये रोममध्ये पोर्तुगीज भाषेतून मराठीचं व्याकरण छापलं गेलं होतं. ‘इंग्रजीतून लिहिलेलं, १८०५ चं’ एवढं पुरे. मोठेपणा त्याने कमी होत नाही. तीन, कोश १८१० चा आणि नवा करार १८११ चा. सेरामपूरच्या छापखान्याने मोडीचे खिळेही पाडले होते. चार, सतीबंदीचा कायदा कॅरींनी ‘केला’ नाही. तो ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी काढला. कॅरींकडे तो बंगालीत उतरवायला आला तेव्हा रविवार होता. उपासनेचा उपदेश त्यांनी दुसऱ्यावर सोपवला आणि दिवसभर बसून अनुवाद पुरा केला. हा प्रसंग ‘कायदा केला’ यापेक्षा किती तरी जास्त बोलतो. तो असताना खोट्याची गरज नव्हती.

एक आठवण खानदेशच्या बाजूचीही ठेवली. १८०३–०४ मध्ये, होळकरी फौजांच्या धामधुमीनंतर, इथे मोठा दुष्काळ पडला. मराठीचं व्याकरण कलकत्त्याजवळ घडत होतं तेव्हा तापी-गिरणेच्या खोऱ्यात गावंच्या गावं ओस पडत होती. इंग्रजांचा अंमल इथे १८१८ मध्ये आला. एवढ्याच दोन ओळी. त्याहून लांबवलं तर पुस्तिका इतिहासाची होते.

आता दुसरी पत्नी. कच्च्या मजकुरात शार्लट रूमोर यांना एक वाक्य होतं: ‘पुढे त्यांनी पुनर्विवाह केला.’ तक्त्याने दाखवलं की डोरोथीच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, मे १८०८ मध्ये, हे लग्न झालं. तेव्हा सहकाऱ्यांनाही ते खटकलं होतं. शार्लट डेन्मार्कच्या राज्यातल्या सरदार घराण्यातल्या होत्या. प्रकृती अधू, चालणं कष्टाचं. त्या सेरामपूरला हवापालटासाठी आल्या होत्या. कॅरींनी त्यांना इंग्रजी शिकवलं आणि १८०३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेरा वर्षांचा हा संसार. ११ मार्च १८१२ रोजी छापखाना जळाला, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं राख झाली, तेव्हा घरात शार्लट होत्या. ३० मे १८२१ रोजी त्या गेल्या. त्यानंतर कॅरींनी ग्रेस ह्यूज या विधवा बाईंशी लग्न केलं, आणि म्हातारपणात त्यांची सेवा ग्रेसबाईंनी केली. ९ जून १८३४ रोजी कॅरी वारले. भारतात आल्यापासून चाळीस वर्षं आणि सात महिने. मधे एकदाही ते मायदेशी गेले नाहीत. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की मला माझी दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी पुरावं. तसंच झालं.

‘आदर्श पती’ या दोन शब्दांचं काय करायचं, हे इथवर आल्यावर स्वच्छ झालं. गुरुजींनी ते शब्द आदराने लिहिले होते, आणि त्यांचा मान राखूनच ते काढायचे होते. नियम एकच ठेवला: विशेषण काढायचं, क्रियापद ठेवायचं. ‘निष्ठावंत’ काढून ‘पगार पेटीत टाकला, चाळीस वर्षं परतले नाहीत’. ‘आदर्श’ काढून ‘घराबाहेर काढलं नाही’, आणि त्याच परिच्छेदात ‘तिची इच्छा नसताना आणलं’. दोन्ही एकाच माणसाने केलं. गुरुजींना आधी हे जड गेलं. पण स्वतःच्या अक्षरात तक्ता उतरवून झाल्यावर तेच म्हणाले की आता तो शब्द तिथे बसत नाही. पुस्तिकेच्या आठव्या-नवव्या पानावरचा अंतिम मजकूर त्यांचाच आहे. त्यातला तुकडा असा:

‘डोरोथीला लिहिता येत नव्हतं. तिला इंग्लंड सोडायचं नव्हतं. बहिणीच्या भरवशावर ती जहाजात बसली. बहीण मागे राहिली, पीटर गेला, आणि त्यानंतर तिचं मन आजारी झालं. बारा वर्षं ती आजारी होती. विल्यम रोज कामावर गेले आणि रोज त्याच घरात परत आले. तिला त्यांनी घराबाहेर पाठवलं नाही. तिच्या मनात काय होतं, हे तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण तिला लिहिता येत नव्हतं.’

यात ‘वेड’ नाही. ‘मन आजारी झालं’ आहे. हा बदल मुद्दाम केला. आपल्याकडे असं दुखणं आलं की एक तर ‘बाहेरचं’ म्हणतात, नाहीतर मंडळीत ‘विश्वास कमी पडला’ म्हणतात. दोन्हींमुळे औषध लांबतं. म्हणून पुस्तिकेत आजाराला सैतान, शाप, परीक्षा असं काही जोडलं नाही, आणि आजच्या वैद्यकातलं नावही चिकटवलं नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला आपण तपासलेलं नाही. याच मंडळीत दोन घरांत मानसिक आजाराची औषधं चालू होती. पाळकबाई छपाईच्या आधी त्या दोन्ही घरी गेल्या, ते पान वाचून दाखवलं आणि विचारलं की हे सगळ्यांसमोर वाचलं तर चालेल का. एका घराने ‘चालेल’ म्हटलं. दुसऱ्या घराने ‘सुरीची’ ओळ काढायला सांगितली. ती काढली. ही पायरी वगळू नये. उपासनेच्या वेळी लोक मान वळवून कोणाकडे बघतात, हे घरच्यांना आधीच माहीत असतं. शेवटच्या पानावर सरकारच्या ‘टेलिमानस’ या मोफत फोन सेवेचा क्रमांक १४४१६ छापला.

छपाईबद्दल थोडक्यात. सोळा पानं म्हणजे ए-फोर आकाराचे चार कागद मधून दुमडलेले. पान १६ आणि १ एका बाजूला, २ आणि १५ त्याच्या पाठीवर. एक ओळ जरी वाढून सतराव्या पानावर गेली तर थेट वीस पानं करावी लागतात. म्हणून मजकूर मोजूनच लिहावा. मुखपृष्ठाआतलं एक पान, तारखांची दोन, मजकुराची बारा, शेवटचं एक. चौदा पॉइंट अक्षरात पानावर साधारण २२० शब्द बसतात, म्हणजे बारा पानांत २६००. मोठ्याने शांतपणे वाचायला मिनिटाला ११० शब्द धरले तर चोवीस मिनिटं. तीन गीतं, शास्त्रपाठ आणि प्रार्थना धरून चाळीस मिनिटांत कार्यक्रम होतो. गुरुजींचा पहिला मजकूर ४१०० शब्दांचा होता, म्हणजे नुसत्या वाचनालाच सदतीस मिनिटं. दीड हजार शब्द कापताना आधी गेली ती विशेषणं. चौदा पॉइंट अक्षर मोठं वाटेल, पण जूनमध्ये मृगाचा पाऊस आला की वीज जाते, आणि तेव्हा विजेरीच्या उजेडात वाचावं लागतं. ते तसंच झालं.

धुळ्याच्या छापखान्यात काम श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये चालायचं आणि तरुण संघाने मजकूर मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवला होता. एकातून दुसऱ्यात नेताना ‘ऱ्या’, रफार आणि ‘श्र’ मोडतात. ‘मार्शमन’चा ‘माशर्मन’ दोन ठिकाणी झाला होता. म्हणून तीन प्रुफं काढली. पहिलं अक्षरांसाठी, दुसरं फक्त आकड्यांसाठी, तिसरं मोठ्याने वाचून. आकड्यांचं प्रुफ वेगळं केल्यामुळेच ‘१८०७’ चं ‘१८७०’ झालेलं सापडलं. प्रती २५० काढल्या. आतला कागद ८० जीएसएम, वरचा जाड. मधे दोन पिना.

चित्रांत दोन चुका होत्या. डोरोथी म्हणून कोणीतरी इंटरनेटवरून एका बाईचा फोटो आणला होता. ती १८०७ मध्ये गेली, आणि तेव्हा फोटोग्राफीच नव्हती. तो फोटो कोणाचाही असू शकतो, तिचा नाही. ती जागा रिकामी ठेवली नाही. तिथे विवाहाच्या रजिस्टरमधल्या फुलीबद्दलची ओळ मोठ्या अक्षरात घातली. दुसरं, कॅरींचं जे चित्र सगळीकडे दिसतं ते रॉबर्ट होम यांनी काढलेलं. त्यात कॅरी टेबलाशी बसले आहेत आणि शेजारी पंडित आहेत. ते मृत्युंजय विद्यालंकार असल्याचं सांगितलं जातं. आणलेल्या चित्रात पंडितांना कापून टाकलं होतं. पूर्ण चित्र मिळवून छापलं. भाषा शिकवणाऱ्याला कापून शिकणाऱ्याचं स्मरण करणं बरोबर नव्हे.

वाचन कोणी करायचं यावर पहिली योजना अशी होती की सगळं पाळकसाहेबांनी वाचावं. ती बदलली. कॅरींचा भाग गुरुजींनी वाचला, सेरामपूरचा तरुण संघातल्या मुलाने, आणि आठवं-नववं पान महिला मंडळाच्या ताईंनी. त्यांना दोन सरावांची गरज लागली, कारण पहिल्या सरावात त्या ‘बहीण मागे राहिली’ या शब्दांवर थांबल्या आणि पुढे जाईनात. वाचणाऱ्याने घरी एकट्याने दोनदा मोठ्याने वाचून घ्यावं, म्हणजे सभेत आवाज टिकतो.

शास्त्रपाठ आधी यशया ५४ मधल्या दुसऱ्या-तिसऱ्या ओवीचा ठरला होता, कॅरींच्या १७९२ च्या उपदेशाचा. डेऱ्याची जागा वाढव, दोऱ्या लांब कर, मेखा घट्ट ठोक. ऊसतोडीला जाऊन कोपीत राहून आलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. पण पाळकबाईंनी तोच अध्याय पुढे वाचला आणि सहाव्या ओवीवर बोट ठेवलं. तिथे तरुणपणीच्या, टाकून दिलेल्या, मनाने दुःखी झालेल्या बायकोला परमेश्वर बोलावतो आहे. ज्या ओव्यांवर कॅरी उभे राहिले त्यांच्यापासून तीन ओव्या पुढे. मग पाठ दोन ते सहा असा केला. त्यावर कोणी भाष्य केलं नाही. नुसता वाचला.

उपासना संपल्यावर त्याच मावशी पुस्तिका घेऊन गुरुजींजवळ आल्या. आठव्या पानावर ‘त्यांची तीन मुलं लहानपणीच गेली’ असं होतं, आणि नाव फक्त पीटरचं. बाकीच्या दोघी पोरी होत्या ना, त्यांची नावं का नाहीत, असं त्यांनी विचारलं. ॲन आणि लूसी. दोघी इंग्लंडमध्येच, भारतात यायच्या आधी गेल्या. नावं तक्त्याच्या चौथ्या रकान्यात होती. दीड हजार शब्द कापताना ती निसटली. त्या संध्याकाळी १६० प्रती वाटल्या गेल्या. उरलेल्या ९० प्रतींत दुसऱ्या दिवशी तरुण संघातल्या दोन मुलींनी आठव्या पानावर निळ्या पेनाने दोन्ही नावं लिहिली.